हनुवटीला टाके पडले, पण जबडा कोणी पाहिला का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अकरा वर्षांची मुलगी उतारावर अचानक ब्रेक दाबल्यामुळे सायकलच्या हँडलवरून पुढे फेकली गेली आणि तोंडावर आपटली. हेल्मेट घातलेलं होतं. शुद्ध हरपली नाही, उलटी झाली नाही. हनुवटीला खोक पडली होती, ती दवाखान्यात शिवून घेतली, धनुर्वाताचं इंजेक्शनही झालं. आज चौथा दिवस. जखम कोरडी आहे, पण तोंड पुरतं उघडत नाही, उजव्या कानाच्या पुढे दुखतं आणि वरचा एक पुढचा दात किंचित हलतो. आई विचारते आहे की हे आपोआप बरं होईल का, आणि हेल्मेट असूनही तोंडाला एवढं कसं लागलं?

आधी कामाचं सांगते. तिच्या जबड्याचा एक्स-रे अजून झाला नसेल तर तो आज, फार तर उद्या करून घ्या. संपूर्ण जबडा एकाच फिल्मवर दाखवणारा ओपीजी नावाचा एक्स-रे असतो, त्यापासून सुरुवात करता येते. जबडा आणि चेहऱ्याची शस्त्रक्रिया करणारे सर्जन, म्हणजे मॅक्सिलोफेशियल सर्जन, यांना ती फिल्म आणि मुलगी, दोन्ही दाखवा. तुम्ही सांगितलेली लक्षणं एकत्र ठेवली की माझ्या मनात पहिली शंका येते ती कानापुढचं हाड मोडल्याची.

हनुवटी फुटलेलं मूल समोर आलं की मी जखम नंतर बघते, आधी दोन्ही कानांच्या पुढे बोट ठेवते. खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा असतो. नालेचा मधला भाग म्हणजे हनुवटी आणि दोन टोकं म्हणजे कानापुढचे सांधे. मधोमध जोराचा ठोसा बसला की धक्का दोन्ही बाजूंनी मागे सरकतो आणि टोकाशी, सांध्याच्या गोळ्याखाली, जिथे हाड मानेसारखं निमुळतं होतं, तिथे ते मोडतं. त्या मोडण्यात शरीराचा एक बचावही आहे. हाडाची ती मान मोडली नाही तर सांध्याचा गोळा वरच्या कवटीच्या तळावर आदळेल. पण बचाव असला तरी ते फ्रॅक्चरच आहे. आणि ते जखमेच्या जागी नसून तिच्यापासून वीतभर लांब असतं, म्हणून घाईगर्दीत सुटून जातं. हनुवटीवर रक्त दिसतं, रक्त थांबवलं जातं, टाके पडतात, आणि सगळ्यांना वाटतं काम झालं.

घरी तुम्ही तीन गोष्टी पाहू शकता. मुलीला आरशासमोर हळूहळू तोंड उघडायला सांगा. उघडताना हनुवटी सरळ खाली न जाता एका बाजूला सरकत असेल, तर ज्या बाजूला सरकते त्या बाजूचा सांधा बहुतेक दुखावलेला असतो, कारण त्या बाजूचा जबडा पुढे ओढणारा स्नायू आपलं काम नीट करू शकत नाही. दुसरं, तिला दातांवर दात ठेवायला सांगा आणि विचारा, 'अपघाताआधी बसायचे तसेच दात बसतात का?' हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. दातांच्या जुळणीतला केसभर फरकही माणसाला जाणवतो. डॉक्टरांच्या डोळ्याला तो दिसण्याआधी रुग्णाच्या जिभेला कळलेला असतो. एका बाजूची जबड्याची ही मान मोडली असेल तर त्या बाजूच्या दाढा आधी टेकतात. दोन्ही बाजूंच्या मोडल्या असतील तर दाढा टेकतात, पण पुढचे दात उघडेच राहतात. तिसरं, कानातून रक्त आलं होतं का ते आठवा. सांध्याच्या मागेच कानाच्या नळीची पुढची भिंत असते, ती फाटून थोडं रक्त येऊ शकतं. मात्र कानातलं रक्त कवटीचा तळ तडकल्याचंही लक्षण असू शकतं, त्यामुळे ते कधीही 'बाहेरून ओघळलं असेल' म्हणून पुसून टाकू नये.

मूल आहे म्हणून हे एवढं लावून धरते आहे. सांध्याचा हा गोळा मुलांमध्ये जबड्याच्या वाढीत सहभागी असतो. तिथे इजा झाली, सांध्यात रक्त साठलं आणि दुखतं म्हणून मुलाने आठवडेच्या आठवडे तोंड हलवलंच नाही, तर गोळा वरच्या हाडाला चिकटू शकतो. मग तोंड उघडणं कमी कमी होत जातं, आणि वाढीच्या वयात तसं झालं तर जबडा एका बाजूला आखूड राहून चेहरा वाकडा होतो. सांधा जुळून गेलेली मुलं आमच्याकडे येतात तेव्हा काही वर्षांपूर्वीची हनुवटीची खूण बहुतेक वेळा जागेवर असते. आईवडिलांना तो अपघात आठवतो, पण त्याचा आणि तोंड न उघडण्याचा संबंध त्यांना कोणी सांगितलेला नसतो. याचं मला दर वेळी वाईट वाटतं, कारण वेळेवर कळलं तर उपाय साधा असतो.

मुलांमधल्या अशा बहुतेक फ्रॅक्चरना कापाकापी लागत नाही. वेदनाशामक औषध, काही दिवस मऊ अन्न आणि लवकर सुरू केलेला तोंड उघडण्याचा व्यायाम, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. दात नीट जुळत नसतील तर वरच्या-खालच्या दातांना रबरी बँड लावून जबडा आठवडा-दहा दिवस जागेवर धरतात आणि मग लगेच हलवायला लावतात. वाढत्या वयात हा गोळा पुन्हा घडतो, थक्क करणारा आकार घेतो. पण पाठपुरावा लांब असतो. पहिल्या काही आठवड्यांत वारंवार, नंतर वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एक-दोनदा तोंड किती उघडतं ते मोजावं आणि हनुवटी मधोमध आहे का ते पाहावं. घरचा अंदाज असा: तिची स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये मावली पाहिजेत. एक सांगून ठेवते, व्यायाम करताना दुखतं म्हणून आई लेकरावर जबरदस्ती करत नाही, हे समजू शकतं. व्यायामाच्या आधी अर्धा तास वेदनाशामक द्या, आणि दिवसातून एकदा खूप ताणण्यापेक्षा अनेकदा थोडं थोडं करा.

मोठ्या माणसांत गणित थोडं बदलतं. तुकडा फार सरकला असेल किंवा दात जुळत नसतील तर टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू बसवून हाड जागेवर आणतात. १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये मिशेले आणि नंतर शांपी या सर्जननी तोंडाच्या आतून बसवता येणाऱ्या या छोट्या पट्ट्यांची पद्धत रुळवली. त्याआधी जबडा मोडला की बहुतेकदा दात तारांनी बांधून आठवडेच्या आठवडे पातळ अन्नावर काढावे लागत. हनुवटीपाशी हाड मोडलं आणि दोन्ही कानांपुढच्या मानाही मोडल्या, असं तिहेरी फ्रॅक्चरही पुढे फेकल्या गेलेल्या सायकलस्वारांत बघायला मिळतं. अशा माणसाला उताणं झोपवण्याचा आग्रह धरू नका. जबड्याचा पुढचा भाग सुटला की जीभ मागे पडून श्वास अडू शकतो. तो स्वतःहून पुढे वाकून बसला असेल, रक्त आणि लाळ बाहेर पडू देत असेल, तर त्याला तसंच बसू द्या.

आता दात. किंचित हलणारा, पण जागेवरून न सरकलेला दात बहुतेकदा पुन्हा घट्ट होतो. त्या दाताने काही दिवस चावायचं नाही, मऊ ब्रश वापरायचा. फारच हलत असेल तर दंतवैद्य शेजारच्या दातांना लवचिक तारेने बांधतात, साधारण दोन आठवडे. पण दात घट्ट झाला म्हणजे तो जिवंत आहे असं नाही. आतली नस महिन्यांनी मरू शकते आणि दात राखाडी पडू लागतो किंवा हिरडीवर पुळी येते. म्हणून दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासणी ठेवा. अकराव्या वर्षी वरच्या पुढच्या दाताच्या मुळाचं टोक कुणाचं नुकतंच बंद झालेलं असतं, कुणाचं अजून थोडं उघडं असतं. उघडं असेल तर नसेला रक्तपुरवठा पुन्हा मिळण्याची आशा जास्त, त्यामुळे घाईघाईने रूट कॅनल करून घेऊ नका.

दात मुळासकट बाहेर पडला असता तर मात्र मिनिटामिनिटाला किंमत असती, आणि हे प्रत्येक पालकाला, शिक्षकाला पाठ असावं असं मला मनापासून वाटतं. दात पांढऱ्या भागाने धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये हलकेच विसळा, घासू नका, आणि तिथल्या तिथे खळगीत परत बसवा. मग स्वच्छ रुमालावर हलके चावायला सांगून दंतवैद्याकडे जा. बसवणं जमत नसेल तर दात थंड दुधात टाकून न्या. दूध नसेल तर छोट्या भांड्यात लाळ जमवून तिच्यात ठेवा. पाण्यात ठेवू नका आणि कोरड्या कागदात तर मुळीच गुंडाळू नका. मुळावर ज्या पेशी असतात त्याच दाताला हाडाशी पुन्हा जोडतात. पाण्यात त्या फुगून फुटतात, हवेत सुकून मरतात. पंधरा मिनिटांत बसवलेल्या दाताचं भवितव्य चांगलं असतं, कोरड्या हवेत तासभर राहिलेल्या दाताच्या त्या पेशी जवळजवळ संपलेल्या असतात. तरीही दात घेऊन या, काही वर्षं जागा धरून ठेवण्यापुरता तरी तो उपयोगी पडतो. हे सगळं कायमच्या दाताला लागू आहे. दुधाचा दात परत बसवायचा नाही, खालच्या येणाऱ्या दाताला इजा होते.

दाताचा तुटलेला तुकडा सापडत नसेल तर 'रस्त्यावर पडला असेल' असं धरून चालू नका. ओठ फाटलेला आणि सुजलेला असेल तर तुकडा बऱ्याचदा ओठातच असतो. टाके घालण्याआधी ओठाचा एक छोटा एक्स-रे त्याचा निकाल लावतो. खोकला येत असेल, घरघर असेल, तर छातीचाही एक्स-रे हवा.

तुमच्या मुलीला डोळ्याचं काही झालेलं दिसत नाही. तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती मुलांमध्ये अगदी फसवी असते. डोळ्याच्या खोबणीचा तळ पापुद्र्याइतका पातळ असतो. मोठ्यांत तो फुटतो. मुलांचं हाड लवचिक असल्यामुळे ते झडपेसारखं उघडून पुन्हा मिटतं आणि डोळा हलवणारा स्नायू त्या फटीत अडकतो. बाहेरून काळंनिळं जवळजवळ काहीच दिसत नाही, डोळा पांढराशुभ्र असतो. पण मुलाला वर बघता येत नाही, बघायला लावलं की दुखतं, मळमळतं, उलट्या होतात, नाडी मंदावते. उलट्यांमुळे सगळ्यांचं लक्ष डोक्याच्या इजेकडे जातं आणि स्नायू तिकडे गुदमरत राहतो. अडकलेला स्नायू सोडवायला एक-दोन दिवसांहून जास्त थांबणं परवडत नाही. तोंडावर पडलेल्या मुलाला डोकं स्थिर ठेवून फक्त डोळ्यांनी वर, खाली, दोन्ही बाजूंना बघायला सांगायला अर्धं मिनिट लागतं. ते जरूर करा.

मोठ्यांत एकाची दोन दिसणं, गाल चपटा वाटणं, गाल, वरचा ओठ आणि पुढचे दात बधिर पडणं ही गालाच्या हाडाची किंवा खोबणीची लक्षणं. असं काही असेल तर नाक शिंकरू नका. सायनसमधली हवा फटीतून डोळ्याभोवती शिरते आणि पापणी फुग्यागत फुगते. आणि डोळा बाहेर आल्यासारखा ताठ झाला, खूप ठणकायला लागला आणि नजर मंद होत गेली, तर ती खरी धावपळीची वेळ आहे: डोळ्यामागे रक्त साठून दाब वाढला की दीड-दोन तासांत दृष्टी कायमची जाऊ शकते.

नाकाबद्दल दोनच गोष्टी. नाकपुडीत मधल्या पडद्यावर जांभळट मऊ फुगवटा दिसला तर तो त्याच दिवशी रिकामा करायला हवा, नाहीतर आतली कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड, विरघळून नाकाचा कणा खचतो. आणि नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव टपकत असेल तर ती सर्दी नव्हे, मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. निव्वळ वाकडं झालेलं हाड मात्र सूज उतरल्यावर, साधारण आठवड्याभरात, सरळ करता येतं; त्यासाठी रात्री धावायची गरज नाही.

चेहऱ्याच्या त्वचेला रक्तपुरवठा भरपूर असतो. म्हणूनच लहानशी जखमही भळाभळा वाहते, आणि म्हणूनच ती चांगली भरतेही. हातापायाच्या जखमेला जी घाई करावी लागते तेवढी इथे नसते. नीट धुतलेली चेहऱ्याची जखम दुसऱ्या दिवशीही चांगली शिवता येते. त्यामुळे ओठाची कड, पापणी किंवा नाकपुडी फाटली असेल तर जो पहिला भेटेल त्याच्याकडून शिवून घेण्यापेक्षा थोडं थांबून अनुभवी हातांकडे जाणं मला योग्य वाटतं. ओठाचा लाल भाग आणि त्वचा यांच्या सीमारेषेत एका मिलिमीटरची पायरी राहिली तरी ती बोलताना समोरच्याला दिसते. भुवई फाटली असेल तर ती भादरू देऊ नका, कडा जुळवायला तीच खूण असते. गालावर खोल चीर असेल तर भूल देण्याआधी कपाळाला आठ्या घालणं, डोळे घट्ट मिटणं आणि दात दाखवणं हे करून घेतलं पाहिजे. भुलेनंतर चेहऱ्याची नस तुटली आहे की नुसती बधिर आहे, हे कळायला मार्ग राहत नाही.

खरचटणं हे क्षुल्लक मानलं जातं आणि तिथेच नुकसान होतं. डांबराची, खडीची काळी कणी त्वचेत राहिली की वर नवी त्वचा चढते आणि गोंदल्यासारखा निळसर डाग कायमचा राहतो. तो काढायचा तर पहिल्या दिवशी, भूल देऊन, मऊ ब्रशने आणि भरपूर सलाइनने. दुखेल म्हणून वरवर पुसून मलम लावणं ही मुलावरची माया असली तरी तिची किंमत मूल पुढे आरशात मोजतं. तुमच्या मुलीच्या हनुवटीचे टाके पाचव्या दिवसाच्या आसपास काढायचे असतात. चेहऱ्यावर ते जास्त दिवस ठेवले तर शिडीसारखे व्रण उमटतात. पुढचे सहा महिने ते वर्षभर त्या जागेला ऊन लागू देऊ नका, सनस्क्रीन लावा. व्रण आधी लाल आणि टणक होईल, मग हळूहळू फिका पडेल. वर्षाच्या आत तो 'सुधारून' घ्यायला निघू नका.

आता हेल्मेट. त्याने आपलं काम केलं, तुमची मुलगी शुद्धीवर राहिली. साधं सायकल हेल्मेट कपाळाच्या पुढे थोडं आलेलं असतं, त्यामुळे ते कपाळ, भुवया आणि काही अंशी नाक-गाल वाचवतं. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या जखमींची तुलना केली तेव्हा चेहऱ्याच्या वरच्या आणि मधल्या भागाच्या इजा सुमारे ६५ टक्क्यांनी कमी दिसल्या. खालच्या जबड्याला मात्र संरक्षण दिसलं नाही. नंतरच्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात संपूर्ण चेहऱ्याच्या इजा साधारण एक-तृतीयांशाने कमी निघाल्या. याचं कारण उघड आहे, हनुवटीपुढे काही असतच नाही. नेहमीच्या हेल्मेटच्या चाचणीतही हनुवटीचा भाग तपासला जात नाही. डोंगरउतारावर वेगाने सायकल चालवणाऱ्यांसाठी हनुवटीपुढे कमान असलेली पूर्ण चेहऱ्याची हेल्मेट येतात, आणि मूल उड्या मारायला, उतारावर सायकल हाणायला लागलं असेल तर ती घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. रोज शाळेला जाण्यासाठी त्यांची गरज नाही. ती जड आणि उकडणारी असतात आणि मूल ती घालायचं सोडून देतं.

हेल्मेट डोक्याच्या मागे कललेलं असेल तर कपाळ उघडं पडतं. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर हवी आणि पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतका घट्ट. या अपघातात वापरलेलं हेल्मेट पुन्हा घालू नका. आतला फोम एकदाच दबतो, बाहेरून चरा दिसला नाही तरी.

मुलं पुढे का फेकली जातात तेही बघा: उतारावर एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबणं, हँडलला लटकवलेली पिशवी चाकात जाणं, पुढच्या चाकाचा नट सैल असणं, सुटलेली बुटाची नाडी. हात हँडलवर घट्ट धरलेले असल्यामुळे पडताना ते पुढे येत नाहीत आणि जमिनीला आधी टेकतो तो चेहरा. तिला पुन्हा सायकलवर बसवाल तेव्हा दोन्ही ब्रेक एकत्र, मागचा किंचित आधी, शरीर मागे सरकवून, असं सपाट जागेवर करून घ्या. फ्रॅक्चर निघालं तर साधारण सहा आठवडे सायकल आणि ढकलाढकलीचे खेळ बंद. नाही निघालं तर टाके निघून तोंड पुरतं उघडायला लागलं की बसायला हरकत नाही. एक्स-रे स्वच्छ आला, पण दोन आठवड्यांनंतरही तोंड तीन बोटं उघडत नसेल, तर परत दाखवा आणि सांध्याचा सीटी स्कॅन करावा का ते विचारा. साध्या फिल्मवर मुलांची बारीक फ्रॅक्चर लपतात.